पीएसए ‘हाय’ आला म्हणजे हाय का नाय?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची वेचणी ऐन जोरात होती, मजूर भेटत नव्हते, आणि अशात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक काकाजी आले. वय असेल चौसष्ट-पासष्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात घड्या पडून पडून चुरगळलेला रिपोर्ट. तालुक्याला आरोग्य शिबिर झालं होतं, तिथं ‘फुल बॉडी’ म्हणून त्यांनी रक्त दिलं होतं, आणि या फुल बॉडीत आजकाल पुरुषांसाठी पीएसए नावाची, प्रोस्टेटच्या कॅन्सरचा माग काढायची एक टेस्ट न विचारताच टाकून देतात. साखर बरोबर, किडनी बरोबर, अन् शेवटच्या ओळीत ठळक अक्षरात पीएसए ५.८, बाजूला इंग्रजीत हाय. नातवानं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं, “आबा, तुमचा पीएसए हाय.” आता आमच्याकडं ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. काकाजी तीन रात्री झोपले नव्हते.

“मले हाय न कॅन्सर? मंग हे कमी कराची गोळी दे न बाप्पा.”

हसू आलं पण हसलो नाही, कारण माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, याच रोगानं गेले, त्यांचं पुढं सांगतोच. मी डॉक्टर नाही, डी फार्म करून वीस वर्षं दुकान चालवतो, पण लघवीच्या गोळ्या न्यायला येणारे म्हातारे रोज पाहतो आणि त्या दिवसापासून इतक्या लोकांनी “पीएसए करू का नको करू” विचारलं की म्हटलं एकदा नीट वाचून, ओळखीच्या दोन डॉक्टरांशी बोलून लिहूनच टाकावं.

तर पहिले प्रोस्टेट म्हणजे काय. लघवीच्या पिशवीच्या खाली, सुपारीपेक्षा थोडी मोठी अशी एक गाठ प्रत्येक पुरुषाला जन्मापासून असते, मराठी पुस्तकात पौरुषग्रंथी म्हणतात. वीर्यातला काही पातळ भाग तिच्यात तयार होतो. गंमत अशी की लघवीची नळी या गाठीच्या मधून जाते. पन्नाशीनंतर ही गाठ बहुतेकांची वाढतेच, केस पांढरे होतात तशी, आणि वाढली की नळी दाबते. मग रात्री चार वेळा उठा, धार बारीक, थांबून थांबून होणं, झाल्यावरही अजून आहे असं वाटणं. हा बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, साधी वाढ असते, आणि साधी वाढ पुढं जाऊन कॅन्सर होते असंही नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि उलटं पण लक्षात ठेवा, सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, कारण तो जास्त करून गाठीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून लांब.

म्हणून दोन प्रकारची माणसं वेगळी करा. एक, ज्याला त्रास आहे: लघवी अडकली, लघवीत रक्त दिसलं, कंबर-पाठ-मांडीचं हाड महिन्याभरापासून दुखते अन् रात्री जास्त दुखते, वजन उतरून राहिलं. याला करू का नको हा प्रश्नच नाही, यानं डॉक्टरकडं जायचं, डॉक्टर सांगतील ती तपासणी करायची. आणि पाठदुखी असताना पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला तर उद्या बाजाराच्या दिवशी जाऊ असं करायचं नाही, त्याच दिवशी गाडी करायची, मणका दाबला गेला असू शकतो.

दुसरा, ज्याला काहीच त्रास नाही, धडधाकट आहे, अन् तरी विचारते की कॅन्सर लपून तर नाही ना बसला, पाहून घेऊ का. याला म्हणतात स्क्रीनिंग. हा सगळा लेख या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आता पीएसए. प्रोस्टेटच्या पेशी एक प्रथिन बनवतात, ते वीर्य पातळ ठेवायच्या कामाचं असते, त्यातलं थोडंसं रक्तात गळते. ते मोजलं की आकडा येतो, पूर्वापार ४ च्या वर गेला की लॅबवाले हाय लिहितात. पण हे प्रथिन चांगल्या पेशीही बनवतात आणि कॅन्सरच्या पेशीही बनवतात, म्हणून आकडा वाढला याचा अर्थ एवढाच की प्रोस्टेटमध्ये काहीतरी चालू आहे. साधी वाढ असली तरी वाढते. लघवीत इन्फेक्शन झालं तर चांगलाच वाढते. लघवी अडकून नळी टाकली होती, वाढते. दोन दिवसांत संबंध आला असेल, लांबवर सायकल हाणली असेल, तरी थोडा वाढू शकते.

कापूसवाल्याला हे पटकन कळते, म्हणून मी काकाजींना सापळ्याचं उदाहरण दिलं. गुलाबी बोंडअळीसाठी आपण शेतात कामगंध सापळे लावतो न, त्यात एका रात्री दोन पतंग सापडले म्हणून कोणी पंप पाठीवर घेऊन धावते का? कृषीवाले सांगतात, एका सापळ्यात रोजचे ८ पतंग सतत ३ रात्री आले की मग समजा. आणि तेव्हाही डायरेक्ट फवारणी नाही, आधी शेतात फिरून वीसेक हिरवी बोंडं फोडून पाहायची की आत अळी खरंच आहे का. पीएसए म्हणजे सापळ्यातले पतंग. एकदा मोजून भागत नाही, काही आठवड्यांनी परत मोजायचं, बऱ्याच जणांचा आकडा दुसऱ्या वेळी खाली आलेला असते. बोंड फोडणं म्हणजे बायोप्सी, गाठीचे बारीक तुकडे काढून तपासणं. फवारणी म्हणजे ऑपरेशन नाहीतर शेक, म्हणजे रेडिएशन.

एक फरक मात्र आहे. बोंड फोडलं तर बोंड जाते, बायोप्सीत तुम्हाला टोचतात.

बरं, सापळा रिकामा म्हणजे अळी नाही असंही नाही. अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा कमी असलेल्यांचीही बायोप्सी केली होती, त्यात १५ टक्के लोकांत कॅन्सर सापडला. आणि दुसऱ्या बाजूनं, आकडा वाढलाय म्हणून बायोप्सी केलेल्या चार जणांपैकी साधारण तीन जणांना कॅन्सर निघत नाही. म्हणजे ही टेस्ट दोन्हीकडून फसवते.

काकाजींच्या गोळीबद्दल राहिलंच. पीएसए कमी करायची गोळी खरंच आहे, आणि ती माझ्या दुकानात रोज विकली जाते! फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, वाढलेली गाठ आकसवायला देतात, बहुतेक वेळा टॅमसुलोसिन या लघवी मोकळी करायच्या औषधासोबत एकाच गोळीत असते. ही सहा महिने घेतली की पीएसएचा आकडा जवळपास अर्धा होते. पण कॅन्सर असेल तर तो तिथंच राहते, आकडा फक्त लहान दिसते. म्हणून ज्याला ही गोळी चालू आहे त्याचा आकडा दुप्पट करून वाचावा लागते, ३ आला तर ६ समजा. मी पाहिलंय, शिबिरात हे कोणी विचारत नाही अन् म्हातारे सांगत नाहीत, कारण त्यांच्या हिशोबानं ती ‘लघवीची गोळी’ आहे, रक्ताच्या टेस्टशी तिचा काय संबंध. चिठ्ठी सोबत न्या, डॉक्टरला पट्टी दाखवा गोळीची.

आता जरा अवघड भाग, इथं सावकाश वाचा.

आपल्या डोक्यात कॅन्सर म्हणजे एकच चित्र असते, आज सापडला नाही तर सहा महिन्यात माणूस गेला. तोंडाच्या कॅन्सरनं आपण माणसं गेलेली पाहिलेत त्यामुळं. प्रोस्टेटचा कॅन्सर पुष्कळदा तसा नसते. दुसऱ्याच कारणानं मेलेल्या सत्तरीतल्या पुरुषांची शवविच्छेदनं करून पाहिलं तेव्हा तिघांतल्या एकाच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला, त्यांना जन्मभर पत्ता नव्हता, त्रास नव्हता, हार्टनं गेले, पॅरालिसिसनं गेले. कापसाच्या पऱ्हाटीत काहीतरी सळसळलं म्हणून पाहावं तर बहुतेक वेळा बेडूक, मुंगूस निघते, कधी साप निघते पण धामण निघते, तिचं काही नाही, उंदीर खाते बिचारी. पण कधी घोणस निघते. पीएसए फक्त सळसळ ऐकवते. बायोप्सी केली तर साप आहे का ते कळते, आणि मायक्रोस्कोपखाली पाहून धामण का घोणस याचा अंदाज येते, त्याला ग्लीसन स्कोर म्हणतात, डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ठरवलेली पद्धत. ६ म्हणजे सगळ्यात संथ, ८-९-१० म्हणजे घोणस, ७ मधला.

मग धामण असेल तर सोडून द्या न, इतकं सोपं! पण रिपोर्टवर एकदा ‘कॅन्सर’ शब्द आला की घरात काय होते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पोरगी रडते, जावई म्हणते नागपूरला चला, कोणी म्हणते मुंबईला टाटाला न्या, शेत गहाण ठेवायची भाषा सुरू होते. अशा घरात डॉक्टरनं म्हटलं “सध्या काही करू नका, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा”, तर लोक म्हणतात याले काही येत नाही, दुसरा डॉक्टर पाहा. आणि दुसरा डॉक्टर भेटतोच.

या वाट पाहण्याला ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात, ती रीतसर उपचार पद्धत आहे, दुर्लक्ष नाही. ब्रिटनमध्ये १,६४३ माणसं घेतली होती, पीएसएवरून कॅन्सर सापडलेला पण गाठीबाहेर न पसरलेला, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन म्हणजे आपला शेक, आणि एकावर नुसतं लक्ष. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये हिशोब मांडला तर तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले तीन टक्क्यांच्याही आत, आणि गटागटात सांगण्यासारखा फरक नाही. मात्र लक्ष ठेवलेल्यांत कॅन्सर दूर पसरल्याचं प्रमाण दुसऱ्या दोन गटांच्या जवळपास दुप्पट होतं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना पुढं कधीतरी ऑपरेशन किंवा शेक घ्यावाच लागला, हेही लपवायचं नाही.

अन् ऑपरेशनची किंमत? पैशाची नाही म्हणत. त्याच अभ्यासात ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी जवळपास निम्मे लोक लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते, सहा वर्षांनीही १७ टक्के. संबंध ठेवता न येणं हे त्याहून जास्त. शेकानं संडासचा त्रास होते, रक्त पडते काहींना. या गोष्टी आपल्याकडं कोणी बोलत नाही, आणि डॉक्टरनं घाईत सांगितल्या तर बाई सोबत आहे म्हणून माणूस विचारत नाही. वखर हाणणारा माणूस, ज्याला शेतात दिवसभर राहायचं आहे, बसमध्ये बसायचं आहे, त्याच्यासाठी पॅड लावून फिरणं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला नाही समजणार. धामणीसाठी हे भोगलं तर फुकट भोगलं. घोणसीसाठी भोगलं तर जीव वाचला. आणि आधी कोणालाच पक्कं माहीत नसते कोणती निघणार.

मग स्क्रीनिंगनं जीव वाचतात का, हा खरा सवाल. वाचतात, पण थोडे आणि उशिरा. सगळ्यात मोठा अभ्यास युरोपातला, १९९३ च्या सुमारास सुरू झाला, ८ देश, ५५ ते ६९ वयाचे १ लाख ६२ हजार पुरुष. अर्ध्यांना अधूनमधून पीएसएसाठी बोलावलं, अर्ध्यांना नाही. २३ वर्षांनंतरचा निकाल २०२५ मध्ये आला. न बोलावलेल्यांत १,००० पैकी १६ प्रोस्टेट कॅन्सरनं गेले होते, बोलावलेल्यांत १४. नेमका हिशोब केला तर ४५६ जणांना टेस्टसाठी बोलावलं की २३ वर्षांत एकाचा जीव वाचला, आणि त्या एका जीवामागं १२ जण जास्तीचे ‘कॅन्सर पेशंट’ झाले.

हे गावावर बसवून पाहा. आपल्या गावात पन्नाशी-साठीचे साडेचारशे पुरुष आहेत असं धरा. सगळ्यांना नेमानं टेस्ट करायला लावली तर बाराएक घरं अशी की जिथं टेस्ट नसती तर कॅन्सर हा शब्द कदाचित कधी शिरलाच नसता, आणि एक घर असं की जिथला माणूस टेस्टमुळं जिवंत आहे. त्या एका घराला विचाराल तर ते म्हणतील सगळ्यांनी करा. आणि गंमत अशी की ते घर कोणतं हे त्यांनाही माहीत नसते, बाराही जण म्हणतात आम्ही टेस्टमुळं वाचलो!

अमेरिकेत तसाच अभ्यास झाला, ७६ हजार लोकांचा, त्यात काहीच फरक दिसला नाही, पण तिथं ज्यांना टेस्ट करायची नव्हती त्यांनीही बाहेरून करून घेतली होती, म्हणजे सगळ्या शेतात फवारणी झाली अन् मग कोणत्या धुऱ्यापर्यंत फरक पडला हे शोधत बसले. या अशा निकालांमुळं तज्ज्ञांचंही मत हललं. अमेरिकेच्या सरकारी सल्लागार समितीनं २०१२ मध्ये सांगितलं नेमानं पीएसए नकोच, २०१८ मध्ये बदललं, ५५ ते ६९ वाल्यांनी डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावं, ७० च्या पुढं नको. ज्या रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधलं असं प्रथिन शोधलं, त्यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट टेस्ट करण्यावर टीका केली. आणि मे २०२५ मध्ये जो बायडन यांचा प्रोस्टेट कॅन्सर ८२ व्या वर्षी हाडापर्यंत गेलेला निघाला तेव्हा त्यांच्याकडून सांगण्यात आलं की शेवटची पीएसए २०१४ ची होती. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाचं असं, तर पारावर वाद होणारच.

आपल्याकडं हा कॅन्सर युरोप-अमेरिकेच्या मानानं बराच कमी होते. म्हणून तिथला ४५६ चा आकडा इथं जसाच्या तसा लावू नका, रोग कमी असला की एक जीव वाचवायला जास्त माणसं तपासावी लागतात, साधा हिशोब आहे. पण ज्यांना होते ते आपल्याकडं फार उशिरा येतात, हाडात गेल्यावर.

माझे मोठे बाबा तसेच. सदुसष्ट वर्षाचे, संत्र्याचा बगीचा, कंबर दुखायची, सगळ्यांना वाटलं वयाची आहे, मीच दुकानातून दुखण्याच्या गोळ्या द्यायचो सात-आठ महिने. मलम दिलं, बेल्ट दिला. एका दवाखान्यात मणक्याचा एक्सरे काढला अन् झीज आहे म्हणून सांगितलं. एक दिवस बांधावरून उतरताना मांडीचं हाड मोडलं, पडले पण नव्हते, नुसतं मोडलं. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पीएसए काढला तर ३०० च्या वर. मग अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन केलं, कारण हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगते अन् ते तिथं तयार होते. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरनं हे दाखवलं होतं आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हार्मोन बंद करायची इंजेक्शनं पण असतात पण ती वारंवार घ्यावी लागतात, खर्चाची असतात, आपले लोक एकदाचं ऑपरेशन पत्करतात. दुखणं आठवड्याभरात कमी झालं, मोठे बाबा म्हणाले, “पोरं झाले, नातू झाले, आता ते ठेवून का लोणचं घालाचं होतं.” अडीच वर्षं चांगली गेली त्यानंतर.

मी खूप वेळा विचार केला, पंचावन्नाव्या वर्षी पीएसए केली असती तर? कदाचित सापडला असता. कदाचित त्या वर्षी आकडा २ आला असता अन् आम्ही बिनधास्त झालो असतो. पण मला जास्त बोचते ते दुसरंच, सात-आठ महिने मी गोळ्या देत होतो. तो स्क्रीनिंगचा विषयच नव्हता, त्रास होता, मोठ्या आवाजात होता, मीच ऐकला नाही. आता साठीच्या वरचा माणूस तिसऱ्यांदा कंबरेची गोळी मागायला आला तर मी देत नाही, आधी दाखवून या म्हणतो. गिऱ्हाईक तुटते. तुटू दे.

मध्येच एक सांगतो, रागावू नका. पीएसए करू का म्हणून विचारणाऱ्या दहातल्या निम्म्यांच्या तोंडात तेव्हा तंबाखूचा खर्रा असते, अक्षरशः गालफाड फुगवून विचारतात. अरे बाप्पा, आपल्या विदर्भात पुरुषाला धोका कशाचा जास्त आहे ते पाहा न. सरकारच्या कार्यक्रमात तिशीनंतर ज्या कॅन्सरची तपासणी आहे तो तोंडाचा आहे, बायांसाठी स्तनाचा अन् गर्भाशयाच्या तोंडाचा, प्रोस्टेट त्यात नाही. तोंड पाहायला टॉर्च लागते, उपकेंद्रात होते, पैसा लागत नाही. ते सोडून पीएसएच्या मागं लागणं म्हणजे घराला दार नाही अन् कपाटाला दोन कुलपं.

आता ठरवायचं कसं. मी लोकांना एकच प्रश्न विचारतो: आकडा वाढलेला आला तर पुढं कुठपर्यंत जाशीन? कारण पीएसए ही टेस्ट एकटी येत नाही, तिच्यामागं रांग आहे. पहिले परत पीएसए. मग डॉक्टर मागून बोट घालून गाठ तपासते, कडक लागते का मऊ, याला लाजू नका, एक मिनिटाचं काम आहे. मग एमआरआय, आजकाल चांगल्या ठिकाणी बायोप्सीच्या आधी करतात, कारण त्यात संशयास्पद काही दिसलं नाही तर बऱ्याच जणांची बायोप्सी टळते. आपल्यासाठी एमआरआय म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, नाहीतर सेवाग्राम, सावंगी, नागपूर, म्हणजे एक मजुरी बुडाली, सोबत येणाऱ्याची दुसरी, वरून भाडं. मग बायोप्सी, दहा-बारा तुकडे काढतात बारीक सुईनं, संडासच्या जागेतून किंवा आजकाल तिच्या पुढच्या चामडीतून, त्यानं इन्फेक्शन कमी होते म्हणतात. दोन-चार दिवस लघवीत रक्त, वीर्यात तर काही आठवडे लालसर येते, कोणाकोणाला ताप भरते, ताप आला तर लगेच जायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. आणि सुई लावली की कॅन्सर पसरते हे जे चावडीवर बोलतात न, ते डोक्यातून काढा, त्या भीतीनं माणसं बायोप्सी टाळतात अन् मग मोठ्या बाबांसारखं होते.

या रांगेत जो म्हणते की मी बायोप्सी करणारच नाही, मेलो तरी चालेल, त्यानं पीएसएचं रक्तही देऊ नये, उगाच तीन रात्री जागायच्या. जो म्हणते की कॅन्सर शब्द ऐकला की मी वाट पाहूच शकणार नाही, काढूनच टाकीन, त्यानं दहा वेळा विचार करावा. आणि जो म्हणते की आकडा आला तर परत करीन, लागलं तर एमआरआय करीन, संथ निघाला तर सहा-सहा महिन्यांनी दाखवत राहीन, त्याला या टेस्टचा फायदा आहे.

वयाचं म्हणाल तर ५५ ते ६९ मधे विचार करा, काही डॉक्टर पन्नाशीपासून म्हणतात. सख्ख्या बापाला किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका दुपटीच्या आसपास जाते, मग ४५ पासूनच बोला, आणि घरात बायांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कमी वयात झालेला असेल तर तेही डॉक्टरला सांगा, कारण बीआरसीए नावाचा एक दोष घराण्यात चालत येते तो पुरुषातही हा कॅन्सर आणू शकते, अन् बरेचदा जहाल. सत्तरी ओलांडली, किंवा हार्टचा, किडनीचा मोठा आजार आहे, पुढची दहा वर्षं तशीही अवघड आहेत, तर त्रास नसताना करू नका. फायदा दिसायला दहा वर्षं लागतात, तोटा दुसऱ्या दिवशीपासून सुरू होते.

आणि एवढं वाचून करायचीच ठरवली तर नीट करा. लघवीचं इन्फेक्शन झालं असेल, नळी टाकली असेल तर सहा आठवडे तरी जाऊ द्या. दोन दिवस आधी संबंध नको, सायकल नको. उपाशी राहायची गरज नाही. दोन्ही वेळा जमलं तर एकाच लॅबमधून, कारण मशीन बदलली की आकडा थोडा हलते. आणि शिबिरात फुकट आहे म्हणून करू नका. शिबिर संध्याकाळी उठून जाते, आकडा तुमच्याजवळ राहते. महात्मा फुले योजना आहे, पण ती ठरावीक उपचारासाठी, दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येते. शिबिराच्या आकड्यामागं धावताना लागणारी ही छोटी छोटी तपासणी बहुतेक वेळा खिशातूनच जाते.

मी स्वतः? माझं वय एकावन्न. मोठे बाबा म्हणजे बाप नाही, भाऊ नाही, पण रक्त तर एकच. बायकोशी बोललो, पॅडचं पण बोललो, ती म्हणाली कर. केली मागच्या महिन्यात, ०.९ आली. आता दोन वर्षं तो विषय नाही. आकडा ५ आला असता तर इतक्या शहाणपणानं हा लेख लिहिला असता का, सांगता येत नाही.

काकाजींचं काय झालं? रिपोर्ट पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की शिबिराच्या पंधरा दिवस आधी त्यांनी माझ्याच दुकानातून लघवीच्या जळजळीचा कोर्स नेला होता, म्हणजे इन्फेक्शन होतं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरकडं पाठवलं, त्यांनी तपासलं, गाठ मोठी आहे पण मऊ आहे म्हणाले, आणि जानेवारीत परत पीएसए करायला सांगितली. ४.३ आली. वाढलेल्या गाठीत एवढा येऊ शकते, सध्या बायोप्सी नको, सहा महिन्यांनी परत पाहू, वाढत गेला तर नागपूरला एमआरआय. काकाजी तो रिपोर्ट घेऊन परत काउंटरवर.

“म्हंजे हाय का नाय, एका शब्दात सांग.”

“आकडा थोडा हाय आहे काकाजी. रोग हाय का नाय ते जुलैत पाहू.”

त्यांनी रिपोर्टची घडी केली, पुडी केली म्हणा, आणि बंडीच्या खिशात टाकली. “पेरणी आटपली का येतो,” म्हणाले, “अन् ते झंडू बाम दे एक.”

“कंबर दुखून रायली का?” मी एकदम इचारलं.

“नाय बे, डोक्सं दुखते. तुयं आयकून.”